क्वार्क जुळून कण कसे बनतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, त्यांचे शिक्षक आणि निवृत्तीनंतर पुन्हा विज्ञान वाचायला घेतलेली मंडळी या विषयावर मला सतत प्रश्न पाठवत असतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, पण मला त्यांचा कंटाळा येत नाही. सगळे जिथे अडखळतात, तिथेच या विषयाची खरी गाठ असते. पहिले पाच प्रश्न क्रमानं वाचा, पुढचे कुठूनही वाचले तरी चालतील.

१. क्वार्क म्हणजे काय? ते किती प्रकारचे असतात?

क्वार्क हा मूलकण आहे. त्याच्या आत आणखी काही दडलंय असा पुरावा आजवर मिळालेला नाही. प्रकार सहा: अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम आणि टॉप. प्रोटॉनचा प्रभार १ धरला तर अप, चार्म आणि टॉप यांचा प्रभार +२/३ आणि उरलेल्या तिघांचा −१/३. प्रत्येकाचा एक प्रतिक्वार्क असतो, त्याचं वस्तुमान तेच आणि प्रभार उलटा. तुम्ही, मी, दगड, पाणी हे सगळं फक्त अप आणि डाउन यांच्यावर चालतं. बाकीचे चार वैश्विक किरणांच्या टकरींत किंवा त्वरकांत (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांत) जन्मतात आणि लगेच हलक्या क्वार्कांत बदलून जातात.

क्वार्कांपासून बनलेल्या कणाला हॅड्रॉन म्हणतात. तीन क्वार्कांचा असेल तर बॅरिऑन, क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा असेल तर मेसॉन. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो यांच्यात क्वार्क नसतात.

२. प्रभार अपूर्णांकात असेल तर प्रोटॉनचा बरोबर १ आणि न्यूट्रॉनचा शून्य कसा येतो?

प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन: २/३ + २/३ − १/३ = १. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन: २/३ − १/३ − १/३ = ०. मी मुलांना ही बेरीज फळ्यावर स्वतः करायला लावते, आणि मग म्हणते, आता मनाला येतील ते क्वार्क घ्या. एकदा एका मुलीनं नुसते दोन अप घेतले, ४/३ काढले आणि विचारलं, "बाई, हा चार तृतीयांशवाला कण कुठे मिळतो?" याहून चांगला प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

३. क्वार्क कुणी पाहिलेत का? की ही नुसती कल्पना आहे?

सुटा क्वार्क कुणीच पाहिलेला नाही (का, ते प्रश्न ८ मध्ये). १९६४ मध्ये मरी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेकांना ती हिशेबाची सोय वाटली होती. चित्र बदललं ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या रेषीय त्वरकामुळे. १९६७ च्या सुमारास तिथे वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवायला सुरुवात झाली. प्रोटॉन म्हणजे एकसारखा पसरलेला प्रभाराचा गोळा असता तर इलेक्ट्रॉन किंचित वळून निघून गेले असते. पण मोठ्या कोनात उसळणारे इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. आत काहीतरी टणक, बिंदूसारखं होतं. रदरफोर्डनं सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण मारून केंद्रक शोधलं, त्याच तर्कानं इथे क्वार्क सापडले. जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांना त्यासाठी १९९० चं नोबेल मिळालं.

४. क्वार्कांना 'रंग' असतो म्हणतात. खरोखरचा रंग का?

नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी याचा काही संबंध नाही. विद्युतबल जसं विद्युतप्रभारावर चालतं, तसं क्वार्कांना बांधणारं तीव्र बल ज्या प्रभारावर चालतं त्याला रंग म्हणतात. तो तीन जातींचा असतो: तांबडा, हिरवा, निळा. प्रतिक्वार्कांना यांचे प्रतिरंग असतात. तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश एकाच जागी पडला की पांढरा दिसतो. तसे तीन रंगांचे तीन क्वार्क एकत्र आले की बाहेरून तो कण रंगहीन असतो, म्हणून हे नाव चपखल बसलं. रंग आणि त्याचाच प्रतिरंग मिळूनही रंगहीनच.

ही कल्पना एका अडचणीतून जन्मली. तीन अप क्वार्कांचा एक कण आहे, +२ प्रभाराचा डेल्टा. त्यातल्या तिन्ही क्वार्कांचा स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) एकाच दिशेला असतो. सगळ्या बाबतींत सारखे तीन क्वार्क एकाच अवस्थेत बसणं पाउलीच्या अपवर्जन तत्त्वात बसत नाही. १९६४ मध्येच ऑस्कर ग्रीनबर्ग यांनी सुचवलं की त्यांच्यात तीन किमतींचा एक छुपा फरक असला पाहिजे. पुढे त्याचे स्वतंत्र पुरावे मिळाले. उदासीन पायॉन (प्रभार नसलेला एक हलका मेसॉन) दोन फोटॉनांत फुटण्याचा वेग रंग न धरता मोजला तर प्रत्यक्षापेक्षा नऊपट कमी येतो, तीन रंग धरले की बरोबर जुळतो.

एक चूक मात्र टाळा. प्रोटॉनमधला अमुक क्वार्क तांबडा आणि तमुक निळा, असं कायमचं वाटप नसतं. क्वार्क एकमेकांत ग्लुऑनांची, म्हणजे तीव्र बल वाहणाऱ्या कणांची, देवाणघेवाण करतात आणि दर वेळी रंग बदलतात. ग्लुऑन स्वतःही रंग वाहून नेतात, ते आठ प्रकारचे आहेत.

५. दोन क्वार्कांचा कण का नसतो? तीनच का?

नियम एकच: कण बाहेरून रंगहीन असला पाहिजे. दोन क्वार्कांचे रंग कसेही घेतले तरी रंगहीन होत नाहीत, म्हणून वरच्या मुलीचा ४/३ प्रभाराचा कण सुटा मिळत नाही. सोप्या हिशेबात सांगायचं तर क्वार्कांच्या संख्येतून प्रतिक्वार्कांची संख्या वजा करा, उत्तराला ३ ने भाग गेला पाहिजे. बॅरिऑनला ३ येतात, मेसॉनला ०, दोन्ही चालतात. चार क्वार्क नुसते घेतले तर चालत नाहीत, पण दोन क्वार्क आणि दोन प्रतिक्वार्क चालतात (प्रश्न १४).

आता एक गोष्ट बघा, मला ती फार सुंदर वाटते. प्रत्येक क्वार्कचा प्रभार कुठल्या ना कुठल्या पूर्णांकापेक्षा बरोबर एक तृतीयांशानं कमी आहे: २/३ हा १ पेक्षा, −१/३ हा ० पेक्षा. तीन क्वार्क घेतले की तीन तृतीयांश, म्हणजे अख्खा एक कमी होतो आणि बेरीज पूर्णांकातच येते. प्रतिक्वार्क आला की तेवढंच उलट. रंगाचा नियम पाळला की अपूर्णांक आपोआप नाहीसा होतो, त्यामुळे निसर्गात सुटा अपूर्णांक प्रभार आपल्याला दिसत नाही.

६. मेसॉनमध्ये क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकत्र असतात, मग ते एकमेकांना नष्ट का करत नाहीत?

करतात, म्हणूनच एकही मेसॉन कायमचा टिकत नाही. पण त्यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. धन पायॉनमध्ये अप आणि प्रति-डाउन असतात. जाती वेगळ्या असल्यामुळे ते थेट नष्ट होऊ शकत नाहीत, क्षीण बलाची (क्वार्कची जात बदलू शकणाऱ्या बलाची) वाट पाहावी लागते, आणि हा कण सेकंदाचा सुमारे चार कोटींवा भाग इतका जगतो. ऐकायला ते काहीच नाही, पण उदासीन पायॉन त्याच्या तीस कोटींव्या भागाइतकाही जेमतेम जगतो, कारण त्यात एकाच जातीचे क्वार्क-प्रतिक्वार्क समोरासमोर असतात.

७. स्ट्रेंज क्वार्कसारखी गोष्ट खरी आहे याची खात्री कशी पटली?

एका छायाचित्रानं. १९६२ पर्यंत एका कुटुंबातले नऊ बॅरिऑन माहीत झाले होते. ते त्रिकोणी मांडणीत ठेवले तर वरच्या ओळीत चार डेल्टा, वस्तुमान सुमारे १२३२ एमईव्ही; खाली तीन कण १३८५ च्या आसपास; त्याखाली दोन कण १५३० च्या आसपास. (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान या एककात जेमतेम अर्धा.) दर ओळीला सुमारे दीडशेची वाढ, आणि त्रिकोणाचं टोक रिकामं. गेल-मान यांनी सांगितलं की तिथे −१ प्रभाराचा, सुमारे १६८० वस्तुमानाचा दहावा कण असला पाहिजे, आणि त्याचं नाव ओमेगा वजा ठेवलं.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत द्रव हायड्रोजननं भरलेल्या ८० इंची बुद्बुद-कोठीत (प्रभार असलेला कण जिथे बुडबुड्यांची रेघ उमटवत जातो अशा टाकीत) ऋण केऑनांचा, म्हणजे स्ट्रेंज क्वार्क असलेल्या मेसॉनांचा, झोत सोडून सुमारे एक लाख छायाचित्रं घेतली गेली आणि माणसांनी ती एकेक करून तपासली. १९६४ च्या सुरुवातीला त्यातल्या एकावर हवी ती खूण सापडली: काही सेंटिमीटरची बारीक रेघ, मग एक वळण, आणि दूरवर कुठून तरी उगम पावलेल्या तीन व्ही आकाराच्या जोड्या. उदासीन कणांची रेघ उमटत नाही, त्यामुळे एकातून दुसरा कण फुटत गेल्याची मधली साखळी अशा जोड्यांवरूनच उलट दिशेनं जुळवावी लागते. नशीब असं की उदासीन पायॉनमधून निघालेले दोन्ही फोटॉन कोठीच्या आतच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत बदलले होते. ही गोष्ट फार क्वचित घडते. वस्तुमान निघालं १६७२ च्या जवळ.

क्वार्कांची भाषा आली आणि त्या त्रिकोणाचा अर्थ लख्ख झाला. वरच्या ओळीत एकही स्ट्रेंज नाही, पुढे एक, दोन, आणि टोकाला तिन्ही स्ट्रेंज. दर ओळीची दीडशेची वाढ म्हणजे एका हलक्या क्वार्कच्या जागी स्ट्रेंज आल्याची किंमत. प्रभार? तीनदा −१/३.

८. प्रोटॉन फोडून एक क्वार्क बाहेर काढता येईल का?

नाही. दोन प्रभारांमधलं अंतर वाढलं की विद्युतबल कमी होतं. क्वार्कांमधलं बल अंतर वाढलं तरी कमी होत नाही, कारण ग्लुऑन स्वतःही एकमेकांना ओढतात आणि बलाच्या रेषा पसरण्याऐवजी एका बारीक दोरीसारख्या आवळल्या जातात. त्या दोरीतला ताण पंधरा टन वजनाच्या आसपास भरतो. माल लादलेल्या ट्रकचं वजन एका क्वार्कला लटकलेलं असावं तसं. ओढत गेलात तर दोरीत इतकी ऊर्जा साठते की त्या ऊर्जेतूनच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्मतो आणि तुटलेल्या टोकांना जोडला जातो. लोहचुंबक मोडला की सुटा उत्तर ध्रुव मिळत नाही, दोन अख्खे चुंबक मिळतात. इथेही हातात येतो तो नवा हॅड्रॉनच.

म्हणून त्वरकात जोरानं निसटलेला क्वार्क शोधकयंत्राला एका दिशेनं धावणाऱ्या हॅड्रॉनांच्या झोताच्या रूपात दिसतो. १९७९ मध्ये हॅम्बुर्गला दोनऐवजी तीन झोत दिसले आणि तिसऱ्यानं ग्लुऑनची ओळख पटवली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस शोधकात अशा हॅड्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या बाहेरच्या थरावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे.

अगदी जवळ असताना मात्र क्वार्क जवळजवळ मोकळे वागतात. हे १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी गणितानं दाखवलं (नोबेल २००४). अपवादही आहे: तापमान सुमारे दोन लाख कोटी अंशांपर्यंत नेलं की हॅड्रॉन वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचं सूप तयार होतं. विश्वाच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळं असंच होतं. पण त्या सुपातूनही एकटा क्वार्क चिमटीत पकडून बाहेर काढता येत नाही.

९. अपचं वस्तुमान सुमारे २, डाउनचं सुमारे ५ एमईव्ही. मग प्रोटॉनचं ९३८ कसं?

तुमची बेरीज बरोबर आहे. तीन क्वार्कांची बेरीज ९ च्या आसपास, म्हणजे प्रोटॉनच्या एक टक्का. उरलेलं वस्तुमान क्वार्कांच्या गतीतून आणि ग्लुऑनांच्या क्षेत्रातल्या ऊर्जेतून येतं. ऊर्जा एका जागी कोंडली की बाहेरून ती वस्तुमान म्हणून जाणवते, हे आइन्स्टाइनचं सूत्र. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटानं अवकाश आणि काळाची जाळी करून महासंगणकावर हे समीकरण सोडवलं आणि प्रोटॉनसह बऱ्याच हॅड्रॉनांची वस्तुमानं काही टक्क्यांच्या आत जुळवून दाखवली.

हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण "विटांची भिंत" हे चित्र इथेच कोसळतं. भिंतीचं वजन म्हणजे विटांचं वजन. प्रोटॉनचं वजन म्हणजे मुख्यतः जुळणीचं वजन. लोक मला विचारतात की हिग्ज क्षेत्र सगळ्याला वस्तुमान देतं ना? ते क्वार्कांना आणि इलेक्ट्रॉनला देतं. वजनकाट्यावर उभं राहिल्यावर दिसणारे किलो बहुतांशी तीव्र बलाचे आहेत.

१०. मग प्रोटॉनमध्ये नेमके तीनच क्वार्क असतात का?

हिशेबाला तीन. दोन अप आणि एक डाउन हे शिल्लक उरणारे क्वार्क. त्यांच्या भोवती ग्लुऑन आणि क्षणोक्षणी जन्मून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या असतात, त्यात स्ट्रेंजच्या जोड्याही. जोडीत क्वार्क आणि प्रतिक्वार्क सारखेच असल्यामुळे वजाबाकी केली की तीनच उरतात. प्रोटॉनचा स्पिन त्या तिघांचाच असेल असं सगळ्यांना वाटत होतं. १९८८ मध्ये सर्नच्या प्रयोगात क्वार्कांचा वाटा अगदी कमी निघाला, आज तो एक तृतीयांशाच्या आसपास धरतात. बाकीचा ग्लुऑनांचा आणि आतल्या परिभ्रमणाचा.

११. घटक तेच असूनही दोन वेगळे कण कसे?

कारण नुसत्या घटकांवरून कण ठरत नाही, ते कसे बसलेत तेही पाहावं लागतं. अप-अप-डाउन यांचे स्पिन मिळून १/२ झाले तर प्रोटॉन, ९३८ एमईव्ही. तेच तीन, तिघांचे स्पिन एकाच दिशेला, म्हणजे ३/२, तर डेल्टा, १२३२. नुसता स्पिन फिरवायला जवळजवळ तीनशे एमईव्ही लागतात!

त्याहून नाजूक जोडी लॅम्डा आणि उदासीन सिग्मा यांची. दोघांत अप, डाउन, स्ट्रेंज, दोघांचा स्पिन १/२. फरक इतकाच की लॅम्डामध्ये अप आणि डाउनचे स्पिन एकमेकांविरुद्ध, सिग्मामध्ये एकाच बाजूला. त्यामुळे वस्तुमानं १११६ आणि ११९३. सिग्मा एक फोटॉन टाकून लॅम्डा होतो, अणूतला इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरावा तसा.

१२. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जड का? आणि त्यानं काय बिघडतं?

डाउन हा अपपेक्षा जड म्हणून. प्रभारामुळे खरं तर प्रोटॉन थोडा जड व्हायला हवा होता, पण क्वार्कांमधला फरक त्यावर मात करतो आणि न्यूट्रॉन १.२९ एमईव्हीनं जड ठरतो. एवढ्या फरकामुळे सुट्या न्यूट्रॉनमधला एक डाउन क्षीण बलानं अप होऊ शकतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. सरासरी आयुष्य १५ मिनिटांपेक्षा थोडं कमी. हेच उलट असतं तर प्रोटॉनच फुटला असता. हायड्रोजन टिकला नसता, आणि पाणीही नाही.

१३. उदासीन पायॉनमध्ये अप-प्रतिअप असतात की डाउन-प्रतिडाउन?

दोन्ही, एकाच वेळी. तो या दोन जोड्यांचं सारख्या प्रमाणातलं पुंजमिश्रण आहे. "यातली अर्धी संख्या अशी, अर्धी तशी" असं समजू नका. प्रत्येक पायॉन स्वतःच मिश्र असतो.

१४. चार किंवा पाच क्वार्कांचे कण सापडले आहेत का?

हो. प्रश्न ५ मधल्या नियमानं त्यांना पहिल्यापासून परवानगी होती. २००३ मध्ये जपानच्या बेल प्रयोगात एक्स(३८७२) हा कण दिसला. नेहमीच्या चार्म-प्रतिचार्म जोडीच्या तक्त्यात तो बसेना. २०१३ मध्ये प्रभार असलेला झेडसी(३९००) सापडला. नुसत्या चार्म-प्रतिचार्मचा प्रभार शून्य, म्हणजे आत आणखी दोघं असायलाच हवेत. २०१५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगानं पंचक्वार्क जाहीर केले: दोन अप, एक डाउन, एक चार्म, एक प्रतिचार्म. २०२१ मध्ये दोन चार्म, एक प्रतिअप आणि एक प्रतिडाउन असलेला चतुष्क्वार्क आला.

पंचक्वार्कांचा दावा २००३ मध्येही झाला होता. अनेक प्रयोगशाळांनी दुजोरा दिला, पण पुढे जास्त नोंदी घेऊन पाहिल्यावर ते शिखर विरून गेलं. म्हणून २०१५ चा निकाल लोकांनी फार काळजीनं तपासला.

खरा वाद आजही चालू आहे तो रचनेचा. चौघं एकाच मुठीत आवळलेत, की दोन मेसॉन एकमेकांना सैल धरून रेणूसारखे राहतात? २०२१ चा चतुष्क्वार्क एक डी आणि एक डी* अशा दोन मेसॉनांच्या (दोन्ही चार्म असलेले) एकत्रित वस्तुमानापेक्षा अर्ध्या एमईव्हीनंही खाली नाही. इतकी सैल पकड पाहता मला रेणूचं चित्र जास्त पटतं, पण सगळ्या विचित्र कणांना एकच उत्तर लागू होईल असं मात्र वाटत नाही.

१५. हॅड्रॉन रंगहीन असतील तर केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन कशानं धरून राहतात?

अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असूनही जोडून रेणू होतात, तसंच. जवळ आलेल्या दोन रंगहीन कणांच्या आतल्या रंगांचा थोडा परिणाम बाहेर जाणवतो. तो मुख्यतः मेसॉनांच्या देवाणघेवाणीतून पोहोचतो, विशेषतः पायॉनांच्या. हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्येच, क्वार्कांचा मागमूस नसताना, असा मधला कण असेल असं सांगितलं होतं.

१६. म्यूऑनला जुन्या पुस्तकांत 'म्यू मेसॉन' का म्हटलंय?

वैश्विक किरणांत १९३७ च्या सुमारास सापडलेला कण युकावांचाच असं सगळ्यांना वाटलं. त्याला 'मेसोट्रॉन' म्हणत. 'मेसॉन' हे सुटसुटीत नाव १९३९ मध्ये सुचवणारे होते मुंबईचे होमी भाभा. पुढे १९४७ मध्ये खरा पायॉन सापडला आणि आधीचा कण क्वार्कांशी नातं नसलेला, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ निघाला. नाव सुचलं एकासाठी, टिकलं दुसऱ्यासाठी. म्यूऑन मेसॉन नाही.

१७. टॉप क्वार्कचा एकही कण तक्त्यात का नाही?

टॉप १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सापडला. त्याचं वस्तुमान टंगस्टनच्या अख्ख्या अणूइतकं आहे, आणि म्हणूनच तो सेकंदाच्या सुमारे ५ × १०⁻²⁵ इतक्या काळात फुटतो. हॅड्रॉन जुळायला याहून कैकपट वेळ लागतो. सोबती येईपर्यंत टॉप बॉटममध्ये बदललेला असतो. त्यामुळे टॉपचा अभ्यास म्हणजे जवळजवळ उघड्या क्वार्कचा अभ्यास, दुसऱ्या कुठल्याही क्वार्कबाबत ही संधी मिळत नाही.

इथेही एक अपवाद डोकावतो आहे. २०२५ मध्ये सीएमएस आणि पाठोपाठ अ‍ॅटलास या सर्नच्या दोन्ही प्रयोगांना टॉप-प्रतिटॉप जोडी जेमतेम तयार होईल इतक्या ऊर्जेला अपेक्षेपेक्षा जास्त जोड्या दिसल्या. फुटण्यापूर्वीच्या निमिषार्धात ते दोघे एकमेकांना क्षणभर धरत असावेत, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. त्या पुसट जोडीला टॉपोनियम म्हणतात. अधिक नोंदी जमवून तिची तपासणी चालू आहे.